अंगठ्याशेजारचं नाव

कल्याणतात्यांनी फडक्यात बांधलेल्या जुन्या ठराव-बुकाची गाठ दातांनी सोडवली. शिपाई अंगद हसला.

“तात्या, बासष्ट सालची धूळ हाय ती. पोटात गेली तर सरपंच व्हाल.”

“घराण्यात एक झाला, तेवढा बास.”

ग्रामपंचायतीत आजवरच्या सरपंचांचा नवा फळा लागणार होता. जुन्या फळ्यावर पहिलं नाव तात्यांच्या वडिलांचं होतं. गोरक्षनाथ लोंढे, १९६२ ते १९७२. पण तात्यांची बायको झुंबर जन्मभर सांगत आली की पहिली सरपंच तिची आई, मनकर्णाबाई. अकरा महिने. तात्या हसायचे. “चुलीपुढची सरपंच,” म्हणायचे. चार महिन्यांपूर्वी नगरच्या दवाखान्यात ती पुन्हा म्हणाली, “आईचं नाव लावा.” आजारी माणसाला म्हणावं तसं तात्या ‘व्हय’ म्हणाले होते. चौथ्या दिवशी ती गेली.

“सापडलं, बाबा,” ग्रामसेविका निकिता मॅडम म्हणाल्या. “ऑगस्ट बासष्ट. सरपंचपदी मनकर्णाबाई जावळे यांची निवड.”

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“खरं बोलत हुती,” ते म्हणाले.

“मग पुढं काय झालं बाईचं?” अंगदने विचारलं.

मॅडमनी पानं उलटली. एका पानावर थांबल्या आणि सावकाश वाचू लागल्या.

“जुलै त्रेसष्ट. अविश्वास ठराव. ‘सरपंचबाई सभेत खुर्चीवर बसतात. वडीलधाऱ्या मंडळींना समोर सतरंजीवर बसणे अपमानाचे वाटते.’ सात विरुद्ध दोन. मंजूर.”

“मांडला कुनी?”

मॅडमनी नाव वाचलं नाही. बुक तात्यांच्या पुढे फिरवलं.

ठराव मांडणाऱ्याच्या जागी निळा अंगठा होता. शेजारी वळणदार अक्षर. ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा, गोरक्षनाथ लोंढे. दस्तुर मनकर्णाबाई जावळे.’

“दस्तुर म्हंजे?” तात्यांनी विचारलं.

“ज्याला सही येत नाही त्याचं नाव दुसऱ्यानं लिहायचं. त्या दिवशी यांनी लिहिलं.”

“तिला काढायच्या कागदावर? तिनंच?”

“लिहिता येणारं दुसरं कुणी नसेल.”

“असं कसं? ग्रामसेवक हुता की,” अंगद म्हणाला.

या ठरावानंतर सात वर्षांनी वडील स्वतः जावळ्यांच्या घरी गेले आणि झुंबरला मागणी घालून आले. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला खिळले, तेव्हा तिनेच त्यांना हाताने घास भरवले. त्यांच्याबद्दल वाकडा शब्द तात्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला हे माहीत होतं? माहीत असून ती गप्प राहिली, की आईने तिलाही सांगितलं नव्हतं? मागणी घातली तेव्हा मनकर्णाबाई ‘हो’ कशा म्हणाल्या? आणि वडील त्याच घरी का गेले? तात्यांना काहीच जुळवता येईना.

“थांबा मॅडम, घरी इचारून येतो,” ते म्हणाले आणि उठले.

दारात गेले. एक चप्पल पायात घातली. दुसरी घालायच्या आधी तसेच उभे राहिले.

अंगदने उगाच बुकाचं फडकं झटकलं. तात्यांनी चप्पल काढली आणि परत येऊन बसले.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “बाबा, नाव लावायचं तर हे पान अर्जाला जोडावं लागेल. ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचलं जाईल. तुमच्या वडिलांच्या नावापुढचं सालही बदलेल. नको असेल तर राहू द्या. दुसऱ्या कुणी मागितलेलं नाही.”

“सारं गाव ऐकंल, तात्या,” अंगद म्हणाला. “आन् जावळ्यांची पोरं लई चावट हायेत. पारावर बसू देनार न्हाईत तुमाला.”

“तिनं मागितलंय,” तात्या म्हणाले.

मॅडमनी कोरा अर्ज पुढे सरकवला. पहिल्या ओळीत अर्जदाराचं पूर्ण नाव. तात्यांनी ‘कल्याण’ लिहिलं. पुढे वडिलांचं नाव लिहायचं होतं. पेन तिथेच टेकून राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मग वडिलांना स्वतःला कधी लिहिता न आलेलं ते नाव त्यांनी सावकाश, एकेक अक्षर करत लिहिलं.

खाली ‘जिचे नाव लावायचे तिच्याशी नाते’ असा रकाना होता. तिथे त्यांनी ‘जावई’ लिहिलं.