ओळख पटवण्याची खोली

सरकारी रुग्णालयातून बैठकीचं बोलावणं आलं, तेव्हा शिवणताईच्या आईने एवढंच विचारलं, "आता आपलं द्यायचं असं काय राहिलंय त्यांच्याकडे?"

गल्लीभर कपडे शिवून देणाऱ्या त्या पोरीला सगळे शिवणताईच म्हणत.

वर्षभरापूर्वी गाद्यांच्या कारखान्याला आग लागली आणि तिचा धाकटा भाऊ त्यात गेला. शवागाराच्या फाटकाबाहेर या मायलेकी ताटकळत उभ्या होत्या. बसायला बाकडं नाही, विचारायला माणूस नाही. "साहेब येतील," पहारेकरी म्हणायचा. साहेब यायचे आणि गाडीची काच वर करून निघून जायचे. शेवटी सगळ्यांना एकदमच आत सोडलं. अरुंद बोळात ओळीने चादरी, आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडत त्या उचलून बघतायत. त्या रेटारेटीत कुणीतरी धाकट्याला आपलाच समजून घेऊन गेलं. चूक उघडकीला आली तोवर त्याचे अंत्यसंस्कारही उरकले होते. आईला त्याचं शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही.

म्हणून शिवणताई बैठकीला गेली ती मदत करायला नव्हे, चार शब्द सुनावायला.

बैठक शवागाराशेजारच्या खोलीत होती. पूर्वी तिथे बँडेजची खोकी ठेवत. भिंतींना अजून औषधाचा वास होता. आगीत माणसं गमावलेली काही कुटुंबं आली होती. शवागारात काम करणारे, ज्यांना सगळं रुग्णालय मामा म्हणायचं, ते दाराशी अवघडून उभे होते. नव्याने आलेल्या अधिकारी मॅडम म्हणाल्या, "आपलं माणूस ओळखायला जे येतात, त्यांच्यासाठी ही खोली करायची आहे. ती कशी असावी, इथे त्यांच्याशी कसं वागावं, हे तुम्ही आमच्याबरोबर बसून ठरवा."

"आणि तुम्ही काय करणार? फीत कापणार?" शिवणताई उसळली.

"आगीच्या वेळी मी इथे नव्हते, असं म्हणून मोकळी होऊ शकते मी. पण खुर्ची तीच आहे. तुम्ही बोला."

मग शिवणताईने काही शिल्लक ठेवलं नाही. घसा बसेपर्यंत बोलली. ती खाली बसली, तेव्हा कोपऱ्यातला एक म्हातारा गवंडी भिंतीला धरून उठला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझा भाऊ माझ्या घरी आला होता."

क्षणभर तिला काही उमगलंच नाही.

"चादर उचलली. चेहरा असा नव्हताच. उंची माझ्या पोराएवढी. मागून लोक ढकलत होते, बायको बाहेर बेशुद्ध पडलेली. कुणीतरी ओरडलं, लवकर सांगा, तुमचाच ना? मी हो म्हटलं. चूक कळली ती माझा पोरगा मागाहून तिथेच सापडला तेव्हा."

शिवणताईला वाटलं, या माणसाच्या थोबाडीत द्यावी. तोंडातून निघालं ते भलतंच. "नीट केलंत ना त्याचं सगळं?"

"माझ्या पोराचं म्हणूनच केलं. काही कमी केलं नाही."

ती बाहेर पळाली आणि भिंतीशी ओकली. मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

पुढच्या बैठकीला ती येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. ती आली. का आली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

वाद पुष्कळ झाले. बाहेर पडायला वेगळं दार हवं, म्हणजे वाट बघणाऱ्यांसमोरून कुणाला रडत जावं लागणार नाही, यावर लगेच एकमत झालं. अडलं ते तपासणीवर. नातेवाइकांच्या रक्ताशी तपासणी जुळल्याशिवाय जळालेला देह द्यायचाच नाही, असं गवंडीकाकांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, "त्याला दिवस लागतात, काका. लोक दारं फोडतील."

"दिवस लागतात हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?" शिवणताई म्हणाली. "सांगितलं असतं तर ओरडलो असतो, छाती बडवली असती, पण थांबलो असतो. काही कळलं नसेल तर तेही सांगा. पण कुणीतरी येऊन तोंड तर दाखवा!"

"आणि ते तोंड माझं असणार," मामा पुटपुटले. "पहिला मार मलाच."

लोक हसले. त्या खोलीतलं ते पहिलंच हसू, आणि हसल्यावर सगळ्यांनाच कसंनुसं झालं. मग ठरलं, की सांगायला मामांबरोबर या कुटुंबांपैकीही कुणीतरी बसायचं. मॅडमनी वरच्या कचेरीत हेलपाटे घालून सगळं मंजूर करून आणलं.

घरी मात्र गवंड्याचं कळल्यापासून आईने बोलणंच टाकलं होतं. "त्यांच्यात जाऊन बसलीस," एवढंच एकदा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

पावसाळा सरला आणि हमरस्त्यावर एका खासगी बसने पेट घेतला. मॅडमचा निरोप येताच शिवणताई शिवण तशीच टाकून निघाली. खोली माणसांनी भरली होती. बसायला खुर्च्या होत्या, प्यायला पाणी होतं, आणि तरीही नजरा त्याच, फाटकाबाहेरच्या. तिने उभं राहून सांगितलं, "अजून काही कळलेलं नाही. तपासणीला तीन-चार दिवस लागतील. जे कळेल ते लपवणार नाही."

बहिणीला शोधत आलेल्या एका तरुणाने तिचा दंड धरून तिला ढकललं. तिचं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं. "तुम्हा सरकारी लोकांचं काय जातं? तुमचं कुणी आत असतं म्हणजे कळलं असतं!"

माझाही गेलाय, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. तेव्हा फाटकाशी कुणी असं म्हटलं असतं, तर तिने तरी कुठे विश्वास ठेवला असता?

दुपारी मॅडम आत आल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "मंत्र्यांचा हुकूम आलाय," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "संध्याकाळी ते येतील, त्याआधी देह ताब्यात द्या म्हणतात. तपासणी पुरी न होता दिले, तर अदलाबदल होईल. मी नाही म्हणायला तयार आहे. पण तुम्हाला अंधारात ठेवून नाही."

"द्या ना मग!" तो तरुण किंचाळला. "आमचं माणूस आम्हाला द्या!"

तेव्हा गवंडीकाका उठले. बैठकीत सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं. फक्त शेवटी शिवणताईकडे हात केला. "तो हिचा भाऊ होता. हिची आई अजून भिंतीकडे तोंड करून निजते."

तरुणाने शिवणताईकडे पाहिलं, मग तिच्या कोपराकडे. खाली बसला. "थांबतो," म्हणाला. हळूहळू बाकीचेही बसले. मॅडमनी देह दिले नाहीत.

चार दिवसांनी प्रत्येक घराला आपापलं माणूस मिळालं. तरुण बहिणीला घेऊन वेगळ्या दाराने गेला. जाताना शिवणताईपुढे क्षणभर थबकला.

महिन्याच्या आत मॅडमची बदली झाली, दूर कुठल्याशा गोदामावर. नव्या साहेबांनी खोलीत मोडक्या खाटा रचून कुलूप घातलं. मामांनी घाबरत घाबरत कळवलं, तशी शिवणताई आणि गवंडीकाका साहेबांच्या दाराशी जाऊन बसले. "बघू," साहेब म्हणाले. हे उठेनात. दुसऱ्या दिवशी बसच्या आगीतली कुटुंबं आली, त्यांत तो तरुणही होता. कुणी घोषणा दिल्या नाहीत, नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी खाटा निघाल्या. उद्या पुन्हा शिरणार नाहीत, याची खात्री कोण देणार? म्हणून पाळीपाळीने कुणीतरी जाऊन बघून येऊ लागलं.

त्या संध्याकाळी आई आपणहून बोलली. "बसवाल्यांना त्यांची त्यांची माणसं मिळाली?"

"मिळाली."

"मग आपल्याच वेळी काय धाड भरली होती सगळ्यांना?" मग म्हणाली, "त्या गवंड्याला घेऊन ये."

गवंडीकाका आले ते दारातच उभे राहिले. आईने या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. "पहिल्यापासून सांगा," ती पडल्या पडल्याच, भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

त्यांनी सांगितलं. कोण कोण आलं होतं, कुणी खांदा दिला, त्यांची बायको कशी पायांवरून हात फिरवत राहिली. आई मध्येच विचारायची. ऊन होतं का? कपडा नवा होता का? रडलं का कुणी? आणि ते सांगत गेले, एकही गोष्ट न गाळता.

सगळं ऐकून झाल्यावर आईने डोळे पुसले. "आता जा," ती म्हणाली. "पुन्हा येऊ नका."

काकांनी मान हलवली आणि जिना उतरले. शिवणताई त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेली. ती वर आली, तेव्हा आई उठून बसली होती.