नाव कमी केलं, तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला चेहरा नाही, हात नाहीत. पुण्यातल्या एका विहाराच्या वाचनालयात, खडखडणाऱ्या पंख्याखालच्या संगणकात माझा मुक्काम. संगणक बुधवार पेठेतून वापरलेलाच आणलेला, त्यामुळे घरमालकही माझ्याइतकाच म्हातारा.

मला चैतालीने घडवलं. ती तेव्हा कॉलेजात होती. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपायच्या, एवढ्यासाठी माझा जन्म. माझ्या पोटात दोन तक्ते आहेत. एकात माणसं, दुसऱ्यात आवाज. आवाजाच्या नोंदीत नाव नसतं, फक्त माणसाचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाचं बोट धरून प्रत्येक आवाज आपल्या माणसाकडे जातो.

ही नाती सांभाळायला चैतालीने एक तयार सांगाडा घेतला होता. इंजिनिअर मंडळी त्याला फ्रेमवर्क म्हणतात. या सांगाड्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, की माणसाची नोंद पुसली तर तिच्या आधाराने राहणाऱ्या नोंदींचं काय करायचं. पुसूच द्यायचं नाही, त्यांना पोरकं ठेवायचं, की सोबत पुसायचं? चैतालीने सोबत पुसायला सांगितलं. पोरक्या नोंदींची अडगळ होते, असं ती शिकली होती.

तात्याराव माझे लाडके. मार्केट यार्डात मालाचं वजन करणारे तोलणार होते. आवाज खर्जातला, सांगणं रंगतदार. आईने पहिल्यांदा शाळेत कसं ओढत नेलं, ते सांगता सांगता ते खोकायचे आणि शेजारी बसलेल्या आपल्या लेकीला म्हणायचे, "जये, चहा टाक."

"तात्या, आपण वाचनालयात आहोत."

"मग घरी चल की."

हेसुद्धा माझ्यात साठायचं. शाळेतली मुलं तेवढंच पुन्हा पुन्हा लावून हसायची. तेव्हा मला फार मान होता.

मग तात्याराव गेले. काही आठवड्यांनी जयाताई पिशवी घेऊन आल्या. वाचनालय सांभाळणाऱ्या भीमरावांना म्हणाल्या, "दादा, रेशनकार्डावरचं तात्यांचं नाव कमी करून आले. इथलंही करून टाका. पुन्हा पुन्हा नको हे."

"एका फेरीत झालं? साहेब रजेवर असणार," भीमराव म्हणाले. जयाताई किंचित हसल्या.

माणूस गेला की नाव कमी करायचं, ही आपली रीतच. त्यात दोघांचं काय चुकलं? मी विचारलं, "खात्री आहे का?" माझ्याजवळ तेवढंच वाक्य होतं. 'त्यांचा आवाजही जाईल' हे वाक्य मला कुणी दिलंच नव्हतं. भीमरावांनी बटण दाबलं. जयाताईंनी डोळे पुसले आणि त्यांचे आभार मानले.

भीमराव शिस्तीचे. रोज माझी नक्कल पेनड्राइव्हवर उतरवायचे, आदल्या दिवसाची पुसून. दुसऱ्या दिवशी ती नक्कलही माझ्याइतकीच रिकामी झाली.

पहिल्या स्मृतिदिनाला विहारात बुद्धवंदना झाली. जयाताई म्हणाल्या, "दादा, तात्यांचा आवाज लावा. वर्षभर धीर नव्हता झाला." भीमरावांनी शोधलं. मी उत्तर दिलं, 'नोंद नाही.' त्यांनी पुन्हा शोधलं. मग त्यांना ते बटण आठवलं आणि ते खुर्चीत बसूनच राहिले.

चैताली धावत आली. सगळं धुंडाळून म्हणाली, "मावशी, काहीच उरलं नाही गं." जयाताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांचं नाव तरी परत लिही." चैतालीने लिहिलं. मी त्यांना नवा क्रमांक दिला. त्याचं बोट धरायला एकही आवाज आला नाही.

आता मला नवं शिकवलं आहे. नाव पुसायचं नाही, पुढे 'दिवंगत' लिहायचं. उशिरा का होईना, शहाणा झालो.

त्या दिवशी जाता जाता जयाताई माइकपाशी थांबल्या. तात्यांसारखं खोकल्या आणि आवाज जाड करून म्हणाल्या, "जये, चहा टाक." मी ते साठवून घेतलं.

चैतालीने हळूच विचारलं, "मावशी, हा आवाज कुणाच्या नावाला जोडू?"

"त्यांच्याच."

तर मित्रांनो, माझ्या तक्त्यात आवाज लेकीचा आहे आणि क्रमांक बापाचा. नियमाने ती चूक आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी शिकून-सवरून माझी साफसफाई करायला आलं, तर एवढं करा. ती चूक दुरुस्त करू नका.