ज्याची अट नाई त्याचं नाव दोनदा

आमच्या घरात सध्या एकच विषय हाय, नितेशदादाचं लग्न. दादा बत्तीसचा झाला. मूर्तिजापूरच्या बाहेर आमची वांग्याची अन् झेंडूची वाडी हाय, बोअरले पानी बी हाय, पन वावरात राबनाऱ्याले पोरगी कोनी देऊन नाई राहिलं. शेवटी बाळापूरच्या शेषरावाचं घर भेटलं. त्याच्या पोराची, देवानंदची बी तीच गत. मंग साटंलोटं ठरलं. त्याईची पोरगी करिश्मा आमच्या दादाले, अन् आमच्या घरची पोरगी देवानंदले.

आमच्या घरची पोरगी म्हंजे अपेक्षाताई, असंच सगये धरून होते. मी बी. ताई एकवीसची हाय, अमरावतीले नर्सिंग शिकते. मी आचल, मले नुकतंच सतरावं लागलं. अकरावीत सरानं भर वर्गात मले वांगेवाली म्हनलं, तवा त्याच्याच टेबलावर डस्टर आपटून मी जे निंगाली, ते परत गेलीच नाई.

गाडं अडलं होतं अटीवर. शेषराव म्हने, पयले तुमची पोरगी आमच्या घरात येईन, मंग आमची निंगीन. अन् ताई म्हने, मायले लकवा मारेल हाय, घरी वहिनी आल्याशिवाय मी लग्नाले उभी राहात नाई. मायचं हागनं-मुतनं वर्षभर मीच करून राहिली, पन ताईच्या हिशोबात मी कुठं बसतच नव्हती. रोज जेवाच्या टायमाले बाबा अन् दादा याच्यावरूनच भांडत. मले या भांडनाचा इट आला.

दादानं कवाचा एक जुना लॅपटॉप आनला होता, कोर्स करतो म्हनून. कोर्स सुटला, लॅपटॉप बंद पडला. म्या व्हिडिओ पाहूपाहू त्याच्यात लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकून थो चालू केला. त्याच्यात टीसॉर्ट नावाची एक कमांड हाय. एका ओळीत दोन नावं द्याची, जे आंगुदर व्हाचं थे पयले, जे नंतर थे दुसरं. अशा कितीबी ओळी टाका, थे सगयाईची एक सरळ रांग लावून देते. अन् अटी गोल फिरत असनं तं सांगते की हे जुळत नाई.

म्या इचार केला, एकदा मशीनच्याच तोंडून ऐकवतो. बाबा अन् दादा, दोघाईले बसवलं. पयली ओळ शेषरावाची: अपेक्षा करिश्मा. दुसरी ताईची: करिश्मा अपेक्षा.

बाबानं इचारलं, "अन् तुयं नाव?"

म्या सांगतलं, मायी कोनावर अट नाई अन् माह्यावर कोनाची नाई. अशा मानसाचं नाव एका ओळीत दोनदा लिवतेत. तिसऱ्या ओळीत टाकलं: आचल आचल. मोठी आंगुदर, लहानी नंतर, ही बी एक ओळ झाली असती, मले दिसत होती. पन ताईच्या मांगं रांगेत उभं राहाचं नव्हतं मले.

एंटर दाबलं. सगयात वर मायं नाव आलं. त्याच्याखाली लूपची, म्हंजे अटी गोल फिरतेत अशी तक्रार. तिच्याखाली करिश्मा अन् ताई, कशीतरी लावलेली. म्या तक्रारीवर बोट ठेवून सांगून राहिली की पाहा, हे जुळूच शकत नाई. पन तक्रार होती इंग्रजीत. बाबाले तेवढी मराठी नावं वाचता आली.

"पयले आचल म्हन्ते थे," बाबा हळूच बोलले.

मले हासू आलं. म्या समजावलं की तसं नाई, ज्याले काईच आडवं नाई थे नाव मशीन आधी लिवून टाकते. दादा मातर हासला नाई.

"म्हंजे हिच्यासाठी कोनाले थांबा लागत नाई."

म्या म्हनलं, हो.

थो उठला, मोबाईल घेऊन आंगनात गेला. खिडकीतून आयकू आलं, "शेषरावभाऊ, पोरगी आमच्या घरची पायजे ना तुमाले? लहानी देतो."

म्या पान्याचा जग भिताडावर फेकला. वरडली की मी अठराची नाई, पोलिसात जाईन. बाबा म्हने, लग्न कुठं करून राहिलो, आता नुसतं साक्षगंध करू. दादानं आत येऊन सांगतलं की शेषराव तयार हाय, अठरा भरेपर्यंत पोट्टी त्याच्याकडंच राहीन, कामाले हात होईन म्हन्ते. म्हंजे लग्नाचं नाव नाई, बाकी सगयं तेच. म्या म्हनलं, मोठी घरात असताना लहानी कशी जाते?

"तूच लिवलं नाई ना," दादा म्हने.

म्या थे ओळ टाकाले गेली तं त्यानं लॅपटॉप बंद केला अन् काखेत धरून घेऊन गेला.

मंग ताईले फोन केला. सगयं सांगतलं. म्हनलं, ताई, तू तेवढी एक अट सोड, गाठ सुटते. मायले मी पाहातो, आजवर पायलंच ना. तिकडून होस्टेलच्या पोरीईचा कालवा येत होता.

"देवानंद पित नाई म्हन्तेत," ताई बोलली. अन् तिनं इचारलं, "करिश्मा कवा येईन मंग?"

म्या फोन कापला.

माय खाटेवर जागीच होती, सगयं आयकलं होतं तिनं. लकव्यानं तिचं तोंड वाकडं झालं हाय, शब्द फुटत नाई. चांगल्या हातानं तिनं मायं मनगट धरलं अन् काईतरी बोलाले लागली. मले वाटलं, जाऊ नको म्हन्ते. खाली वाकून कान लावला.

तिकडं बाळापूरले पानी कुठून भरा लागते, थे इचारून राहिली होती.