पलाहनाचे तीस एकर

ओनुफ्री यंदा उशिरा, फेब्रुवारीत घरी आला तो केसाळ कॉलरचा नवाकोरा कोट घालून. रेल्वेच्या कामावरून तो दरवर्षी फाटक्या कपड्यांनिशी यायचा. पलाहना आधी त्याचे बूट काढायची, मग पाय गरम पाण्यात घालायची आणि मग बाकीचं बोलणं. या वेळी बूटही नवे होते. तिने पाणी तापवायचं भांडं बाजूला ठेवलं. बिटाचं आंबट बोर्श वाढलं, त्यात सुकवलेल्या अळंब्या सढळ हाताने घातल्या आणि समोर बसली. आठ वर्षांची ओलेन्का बापाच्या कॉलरवरून हात फिरवत होती.

अर्धी वाटी संपल्यावर ओनुफ्री म्हणाला, "सामान आवरायला लाग. एक एप्रिलला घर सोडायचंय."

"सोडायचंय म्हणजे?"

"जमीन विकली. हॅडो म्हणून एक इंग्रज आहे, त्याला. शहरात माझ्या दोस्ताबरोबर घोड्यांचा तबेला काढतोय. भाड्याने गाड्या द्यायच्या. बास झालं हे मरणाचं गारठणं."

ओलेन्का हसली. तिला वाटलं बाबा थट्टा करतोय. पलाहनालाही क्षणभर तसंच वाटलं.

"कुणाला विचारून विकली?" तिने विचारलं.

"विचारायचं कुणाला? कागद माझ्या नावाचा आहे."

चार वर्षांपूर्वी, १९०७ साली, समुद्रापलीकडच्या गॅलिशियातून ही दोघं अल्बर्टात आली तेव्हा इथे नदीपलीकडे पॉप्लरचं रान, दलदल आणि डास याखेरीज काही नव्हतं. सरकार दहा डॉलरात एकशे साठ एकर देतंय, एवढं ऐकून माणसं बोटीत चढली होती. फुकटची जमीन! फुकट कसली? तीन वर्षांत तीस एकर नांगराखाली आणा, घर बांधा, राहून दाखवा, मग ती तुमची. पैसे तर हवेतच, म्हणून बर्फ वितळला की ओनुफ्री रेल्वेचे रूळ टाकायला जायचा, तो पहिल्या बर्फालाच परत. मधले महिने पलाहनाचे.

पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात काढला. वर फांद्या, त्यावर गवतासकट मातीची ढेकळं. छपरातून माती गळून ओलेन्काच्या दुधात पडायची. दुसऱ्या उन्हाळ्यात पलाहनाने ओंडके तोडले, शेजारणीच्या बैलांनी ओढून आणले, खाचा पाडून एकात एक बसवले. एक खिळा लागला नाही. फटींत शेवाळ कोंबलं, माती, शेण आणि पेंढा पायांनी तुडवून भिंती लिंपल्या, वरून चुना दिला. आत मातीची भलीमोठी भट्टी घातली, जिच्यात भाकरी भाजायची आणि जिच्या ऊबदार पाठीवर निजायचं. आणि तीस एकर? एकेका पॉप्लरचं मूळ उपटायला दोन दिवस लागत. शेजारणीचे बैल आजारी पडले त्या वर्षी तिने आणि शेजारणीने आळीपाळीने नांगर खांद्यावर घेतला. खांद्यावर पडलेला वण अजून गेला नव्हता.

तिसऱ्या वर्षी सरकारी तपासनीस घोड्यावरून आला. शेतातून उभा-आडवा हिंडला, कोबीची पिंपं पाहिली, तळघरातले बटाटे पाहिले, लसणाच्या वेण्या पाहिल्या. दुभाष्याने विचारलं, "शेतकरी कुठाय?" पलाहना म्हणाली, "मीच की." तपासनीस हसला आणि वहीत ओनुफ्रीचं नाव लिहून निघून गेला. तेव्हा तीही हसली होती. आता तिने ओनुफ्रीसमोरची वाटी उचलली.

"पक्कं झालंय का?" तिने विचारलं.

"गुरुवारी कचेरीत सही. मग पक्कं."

"मग गुरुवारी मीही येते."

"तू काय करणार येऊन?"

"बघते तुमचा कागद कसा असतो तो."

शहरात जायला बर्फावरची घसरगाडी यावदोखाची. ही यावदोखा म्हणजे ती बैलवाली शेजारीण, मूळची त्यांच्याच गावची आणि ओलेन्काची बाप्तिस्म्यावेळची धर्ममाता, म्हणून पलाहनाची 'कुमा'. नवरा झाडाखाली सापडून मेला तेव्हा तिच्या पदरात तीन लहान पोरं होती. तिने स्वतःच्या नावाने लगतची जमीन मागितली, आणि तिला ती मिळाली होती. पोरांना आणि ओलेन्काला म्हाताऱ्या सासूजवळ ठेवून तीही निघाली. दोन दिवसांचा रस्ता. ओनुफ्री कॉलर वर करून पुढे बसला होता, दोघी बायका मागे मेंढीच्या कातड्याखाली. यावदोखा मोठ्याने म्हणाली, "कुमा, कोट बाकी झकास आहे हं. आपल्या कुठल्या शेताचा म्हणायचा हा? वरच्या की नदीकडच्या?" ओनुफ्रीने कॉलर आणखी वर ओढली.

जमीन कचेरीत शेगडी पेटलेली होती. टेबलामागे कारकून, त्याच्या बाजूला यूर्को नावाचा गॅलिशियातलाच दुभाष्या आणि खुर्चीवर पाय पसरून हॅडो. वसाहतीत तो ठाऊक होता. आसपासच्या जमिनी घेऊन ठेवायच्या, रेल्वेचा फाटा आला की दामदुपटीने विकायच्या, हा त्याचा धंदा.

पलाहना सरळ टेबलापाशी गेली. "यांना सांग, ही जमीन मी विकत नाही."

यूर्कोने सांगितलं. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने कागद उलटून पाहिला आणि नम्रपणे म्हणाला, "बाईंचं नाव इथे नाही."

"नावाचं नको सांगू. झाडं कुणी तोडली ते विचार. तो उन्हाळाभर रुळांवर होता. नांगर कुणी ओढला? खांदा दाखवू?"

"त्याचा इथे संबंध नाही, असं म्हणतात," यूर्को खालच्या आवाजात म्हणाला. "बायकोची संमती लागत नाही. कायदाच तसा आहे."

"मग हिला कशी दिली?" पलाहनाने यावदोखाकडे बोट केलं. "तीही बाईच आहे ना?"

"त्या विधवा आहेत. पदरात लहान मुलं आहेत. विधवेला मिळते."

पलाहनाने दोन्ही हात टेबलावर टेकवले. मग सावकाश, प्रत्येक शब्द तोलून म्हणाली, "म्हणजे माझा नवरा मेला असता तर जमीन माझ्याकडे राहिली असती. जिवंत आहे म्हणून गेली. बरोबर समजले का मी? नीट विचार त्याला."

यूर्कोने विचारलं. कारकुनाने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "हो," तो म्हणाला. "तसं म्हणता येईल."

यावदोखा फस्सकन हसली. ओनुफ्रीचे कान लालबुंद झाले.

पलाहना नवऱ्याकडे वळली. चौदा वर्षांच्या संसारात तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "ऐकलंस ना, ओनुफ्री? तुझ्या जिवंत असण्याचं हे मोल आहे मला. आता कर सही. सगळ्यांच्या देखत कर."

त्याने लेखणी दौतीत बुडवली आणि तशीच धरून ठेवली. तेवढ्यात हॅडोने घड्याळ काढून पाहिलं, आणि ओनुफ्रीने सही केली. अजून नीट अक्षरंही न येणाऱ्या त्या माणसाने आपल्या नावाची अक्षरं खाली वेडीवाकडी ओढली आणि चार वर्षं संपली.

हॅडो उठला. जाता जाता यूर्कोला म्हणाला, "तिला सांग, कुंपण आणि विहीर हवी मला. ते मातीचं खोपट किमतीत मोजलेलंच नाही मी. आल्या आल्या जाळून टाकणार आहे."

यूर्कोने तेही सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

ओनुफ्री शहरातच राहिला. म्हणाला, तू पोरीला घेऊन ये मागाहून. पलाहना घसरगाडीत चढून बसली. परतीच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी दुपारी नदीचा बर्फ ओलांडताना अचानक म्हणाली, "कुमा, तुझ्या जमिनीच्या टोकाला तो उंचवटा आहे ना, तिथे काय पिकतं?"

"दगड पिकतात."

"मग तिथे माझं घर उभं राहील."

"घर? घर तर..."

"घर त्याने मोजलेलंच नाही. जाळणार आहे म्हणाला. सगळ्यांनी ऐकलंय. मग मी नेते."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वसाहतीतल्या अकरा बायका आल्या. काहींचे नवरे कामावर होते. ज्यांचे घरी होते, त्यांतल्या दोघांनी बजावलं, "दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नका." एकीने ते ऐकलं नाही. दुसरी नवऱ्यालाच सोबत घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "याला शिडी धरता येते, बाकी काही येत नाही." हशा पिकला.

छपराचं गवत उतरवलं. भिंतींचं लिंपण हातोड्यांनी खळाखळा पाडलं. प्रत्येक ओंडक्यावर कोळशाने खूण केली: पूर्व पहिला, पूर्व दुसरा. खाचेतून ओंडका सुटताना मोठा आवाज व्हायचा, आणि पलाहनाला दर वेळी छातीत धक्का बसायचा. पण थांबायला वेळ नव्हता. बर्फ टिकून आहे तोवरच घसरगाडी चालणार. दारं, खिडकीची काच, कोबीची पिंपं, खसखस, तागाचं सूत, तळघरातले बटाटे गोणपाटात गुंडाळून, सगळं गाडीवर गेलं. चौथ्या दिवशी सकाळी उघड्या माळावर फक्त मातीची भट्टी उरली.

"तोडू का?" यावदोखाने घण उचलला. "त्याला तेवढीही ठेवायची नाही."

पलाहनाने घण तिच्या हातातून घेतला. उचललाही. मग खाली ठेवला.

"आधी भूक लागलीय सगळ्यांना," ती म्हणाली.

तिने भट्टी पेटवली. चहूबाजूंना बर्फ, वर निळं आभाळ, ना भिंत ना छप्पर, आणि मधोमध धूर सोडणारी भट्टी. राईच्या पिठाच्या सात मोठ्या भाकरी निघाल्या. बायकांनी त्या उभ्या उभ्या, हातमोजे काढून, लसूण आणि मीठ लावून खाल्ल्या. एकीने गाणं सुरू केलं, पण पलाहना म्हणाली, "नको. आज गाऊ नका. लग्न नाहीये कुणाचं." मग कुणी गायलं नाही. जळते निखारे आत तसेच ठेवून ती ओलेन्काला उचलून गाडीवर चढली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हॅडो आला. पाहतो तर जाळायला घरच नाही. ज्याला खोपट म्हणाला होता, त्याच्यासाठी माणूस किती तळमळावा! तिसऱ्या दिवशी तो यूर्कोला आणि एका पोलीस शिपायाला घेऊन यावदोखाच्या उंचवट्यावर हजर. तिथे भिंती खांद्याइतक्या चढल्या होत्या.

"ही चोरी आहे," हॅडो ओरडला. "जमिनीवर असलेलं सगळं माझं."

पलाहना ओंडक्यावर बसून खाच साफ करत होती. ती उठली नाही. "यूर्को, तू त्या दिवशी मला काय सांगितलंस? तुझ्याच तोंडाने सांग."

यूर्कोला हॅडोकडून काम मिळायचं. कचेरीत त्याने कधी स्वतःचा शब्द घातला नव्हता. तो टोपी हातात फिरवत राहिला. बायकांनी हातातली कामं थांबवली होती. शेवटी तो शिपायाकडे वळून इंग्रजीत बोलला, बराच वेळ बोलला. मग आपल्या भाषेत पलाहनाला म्हणाला, "मी सांगितलं की यांनी घर मोजलेलंच नाही म्हणून सांगितलं होतं, आणि जाळायचंय म्हणाले होते. कारकुनानेही ऐकलंय, त्याला विचारा, म्हटलं."

"त्यांना हेही सांग," पलाहना म्हणाली, "की मी त्यांच्या काडेपेटीतल्या काड्या वाचवल्या. आभार मानायला आले असतील तर बसा म्हणावं."

शिपायाने खोकला आल्यासारखं करून तोंडावर हात धरला. मग वही मिटली आणि हॅडोला काहीतरी थोडक्यात सांगितलं. ते यूर्कोने कुणाला सांगितलं नाही, पण हॅडो घोड्यावर चढला तो मागे न बघता.

बायकांनी आरोळी ठोकली. पलाहनाच्या चेहऱ्यावर मात्र हसू उमटलं नाही. "कसली जिंकले मी?" ती यावदोखाला म्हणाली. "माझंच घर मला चोरून आणावं लागलं. आणि जमीन? ती तर गेलीच."

मे महिन्यात ओनुफ्री आला. पायीच आला. तबेल्यातल्या दोस्ताशी बिनसलं होतं, जमिनीचे पैसेही त्यातच बुडाले होते. नवीन घराच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "पलाहना, मी आलोय."

"दिसतंय."

तिने त्याला बाहेरच बाकावर बसवून बोर्श दिलं, कारण दारी आलेल्याला उपाशी ठेवायची त्यांच्यात रीत नव्हती. ओलेन्का बापाला बिलगली. पलाहनाने तिला अडवलं नाही.

"आत येऊ?" त्याने विचारलं.

"ही जमीन यावदोखाची आहे. तिला विचार. तिचा नवरा मेलाय, म्हणून तिला विचारता येतं."

ओनुफ्री उठून यावदोखाकडे गेला. त्या उन्हाळ्यात तो यावदोखाच्या शेतात मजुरीने राबला आणि गोठ्यात निजला. पुढच्या हिवाळ्यात उणे चाळीस झालं तेव्हा पलाहनाने त्याला घरात, नव्या भट्टीजवळ जागा दिली. पण त्याला पुन्हा 'तुम्ही' म्हणाली नाही, कधीच नाही.

हॅडोने त्या विकत घेतलेल्या जमिनीत एक दाणा पेरला नाही. रेल्वेचा फाटा दुसरीकडेच वळला. तीन वर्षांत त्या तीस एकरांत पुन्हा पॉप्लर आणि विलोची झुडपं माणसाएवढी उभी राहिली. पलाहना नदीवर जाताना मुद्दाम दुसऱ्या वाटेने जायची. त्या शेताजवळून गेलं की तिचा संताप नव्याने उसळायचा, जणू सही कालच झाली.

१९१७ साली, कोबी चिरायच्या दिवसांत, यूर्को वर्तमानपत्र घेऊन आला. नवा कायदा झाला होता. बायकोची लेखी संमती असल्याखेरीज नवऱ्याला राहतं घर-शेत विकता येणार नाही. यूर्कोने दोनदा वाचून दाखवलं. बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. कुणी रडलं, कुणी देवाचं नाव घेतलं.

पलाहनाने सुरी थांबवली नाही. गड्डा दोन फाकांत पाडून ती म्हणाली, "सहा वर्षं झोपले होते का? हे कळायला आधी माझ्या खांद्याला विचारलं असतं तरी पुरलं असतं." मग ओलेन्काला हाक मारली. मुलगी आता चौदा वर्षांची होती. "तू ऐकलंस ना नीट? पुन्हा एकदा वाच, यूर्को. हिच्यासाठी वाच. सावकाश वाच."