मोठ्या मापाची बांगडी

भिकनने उभ्या जन्मात एकच पिक्चर काढला, आणि तो लोकांनी हसण्यावारी नेला. मागांवर राबायला आलेल्या खानदेशी लोकांच्या वस्तीत, लिंबायतच्या एका मंगल कार्यालयात पहिला खेळ होता. जिथे बायांनी डोळ्यांना पदर लावावा असं त्याला वाटत होतं, नेमक्या तिथेच सगळं सभागृह खदखदून हसलं. त्यानंतर त्याने पिक्चरचा विषय काढला नाही, आणि पाच वर्षांनी काविळीने तो गेला. दोन्हींचा दोष सुंदराने स्वतःच्या माथी घेतला होता. नवर्‍याचा पिक्चरही आपण बुडवला आणि नवराही आपल्यामुळेच गेला, असं ती धरून चालली होती.

पिक्चरचं नाव 'संचा बंद'. संचा म्हणजे माग. खात्यात, म्हणजे मागाच्या शेडमध्ये, शॉक लागून एक कारागीर मरतो. शेठ प्रेत रिक्षात घालून घरी पाठवतो आणि संचे चालूच राहतात. बायकोचं मागणं एवढंच, की माणूस गेला आहे तर एक पाळी तरी संचे बंद ठेवा. गोष्ट भिकनने स्वतः लिहिली, तीही अहिराणीत, आणि लग्नांची शूटिंग करणार्‍या ललितच्या कॅमेर्‍यावर ती उतरवली. आता त्या काळी अहिराणीतली सीडी म्हणजे दारुड्याची सोंगं आणि नवरा-बायकोची झोंबाझोंबी. आपल्या बोलीत कोणी मरतं, कोणी रडतं, हे आपल्याच लोकांना पटत नव्हतं. पात्राने तोंड उघडलं की हसायचं, अशी सवयच लागली होती. दुकानदारानेही हा पिक्चर न बघताच विनोदी सीड्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. पेपरात त्याच्याबद्दल ओळ आली नाही. दिवसभर संच्यांचा खडखडाट ऐकणार्‍या या शहरात त्या संच्यांवरचा पिक्चर येऊन गेला, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

पिक्चर काढताना सगळं जमलं, अडलं ते विधवेपाशी. कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला एकही बाई तयार होईना. जिचा नवरा जिवंत आहे ती कॅमेर्‍यासमोर का होईना बांगड्या कशी फोडेल? मेलेल्या कारागिराचं काम करायलाही कोणी पुढे येईना, कारण प्रत्येकाच्या घरी आई होती. शेवटी भिकन म्हणाला, मी मरतो, आणि त्याने सुंदराकडे बघितलं. तिला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या आईने, चंद्रभागेने, दोन दिवस चूल पेटू दिली नाही. पोराला तिरडीवर बघणार नाही म्हणून पिक्चर संपेपर्यंत ती डिंडोलीला लेकीकडे जाऊन राहिली, आणि पहिल्या खेळालाही आली नाही.

शूटिंगच्या दिवशी सुंदरा कासाराकडे गेली आणि तिने मोठ्या मापाची एकच हिरवी बांगडी घेतली. घरी येऊन साबण लावून ती दंडापर्यंत चढवली, वर कोपरापर्यंतच्या बाहीचं पोलकं घातलं. बाकीच्या बांगड्या तिने सगळ्यांदेखत फोडल्या, पण ती एक आत राहिली. मनातल्या मनात तिने देवाला बजावलं, की बघून ठेव, हात मोकळा केलेला नाही. हे तिने कोणाला सांगितलं नाही. असं केलेलं बोलून दाखवलं की त्याचा गुण उतरतो, असं तिची आजी म्हणायची.

पण देवाने पाहिलं की नाही कोणास ठाऊक, लोकांनी मात्र पाहिलं. पडद्यावर विधवा दोन्ही हात वर करून टाहो फोडते, हात खाली येतात, आणि बाहीतून सुळकन एक हिरवीगार बांगडी मनगटावर उतरते. ललितच्या कॅमेर्‍याच्या चिमुकल्या भोकातून ते दिसलं नव्हतं, आणि पुढे जोडणीच्या घाईतही कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. भिकन तर डोळे मिटून पडलेला. "अरे, विधवाले नवी बांगडी उगनी," मागून कोणी तरी ओरडलं, आणि मग हशा थांबेना.

घरी जाताना भिकनने विचारलं, "ती बांगडी कथाईन उनी?"

"काढानी ऱ्हाई गयी," काढायची राहून गेली, अशी सुंदराने थाप मारली.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता चालत राहिला.

पुढे तो गेला तेव्हा चंद्रभागेने भरल्या घरात सांगितलं, "नवरा जित्ता व्हता अन् हिनी बांगड्या फोड्यात." तेव्हापासून सासू-सून एकाच छताखाली राहिल्या, एका ताटलीतलं वाटून खाल्लं, पण ते वाक्य दोघींच्या मधून कधी हललं नाही. सुंदरानेही त्यावर ब्र काढला नाही. माणूस तर वाचला नाही, मग लपवलेल्या बांगडीचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि इतक्या वर्षांनी ललितला माळ्यावर मूळ टेप सापडली. डिंडोलीतल्या खानदेशी मंडळाने पिक्चर पुन्हा दाखवायचं ठरवलं. ललितचे केस पिकले होते आणि लग्नांच्या शूटिंगा आता त्याचा मुलगा करायचा. तो रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन आला आणि मोठी बातमी द्यावी तसा म्हणाला, "वहिनी, ती बांगडी आते पुसाई जाई. कॉम्प्युटरवर दोन मिनिटनं काम शे. कोनले समजाव नही."

सुंदराची मुलगी उज्ज्वला कापडबाजारातल्या एका ऑफिसात कामाला होती आणि तिच्या बोलण्यात गुजराती मिसळायचं. ती म्हणाली, "मम्मी, हो म्हण ने. पप्पांचा पिक्चर एकदम चोख्खा होऊन जाईल."

 सुंदराला वाटलं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो. लोक हसले नसते तर त्यांनी आणखी पिक्चर काढले असते. आपली लबाडी देवाने नाहीच मानली, मग ती पडद्यावर तरी कशाला हवी? ती म्हणाली, "पुस भो. पण एक डाव माले देखू दे."

चंद्रभागा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तुमनं चालू द्या," ती म्हणाली. "मना पोर्‍याले मरेल देखाले मी बठेल नही."

पिक्चर सुरू झाला. चित्र फिकट पडलं होतं, आवाज मात्र जसाच्या तसा होता. पाळीवरून आलेला कारागीर दारात चपला काढतो आणि हाक मारतो, "माय, चहा व्हयना का?"

खाट करकरली. चंद्रभागा उठून बसली होती.

"मांगे ले थोडं," ती म्हणाली.

ललितने मागे घेतलं. भिकनने पुन्हा चपला काढल्या, पुन्हा आईला हाक मारली. म्हातारी भिंत धरत धरत आली आणि लॅपटॉपसमोर सतरंजीवर बसली. तिला उठवायची कोणाची छाती झाली नाही. मग शॉक लागला, रिक्षा आली, तिरडी बांधली गेली, आणि तिने सगळं पाहिलं. सुंदराने मान खाली घातली. पडद्यावर तिच्याच बांगड्या फुटत होत्या आणि शेजारी सासूचा श्वास तिला ऐकू येत होता.

ललितने चित्र थांबवलं. "ही देखा. आठेच पुसनी शे."

"थांब," चंद्रभागा म्हणाली. ती वाकून मनगटाकडे बघत होती. "समद्या ते फुट्यात ना वं? मंग ही कथाईन उनी?"

सुंदराला आता खोटं बोलता येईना. "मी दपाडी व्हती, माय. बाहीमा. त्यास्ले काही व्हवाले नको म्हनीसन. कोनलेच सांगं नही, त्यास्ले भी नही." तिचा आवाज फुटला. "पन काय उपेग व्हयना? पिक्चर भी गया, अन् ते भी वाचनात नही."

उज्ज्वला आईकडे अशी बघत होती, जणू या बाईला ती आज पहिल्यांदा भेटत होती. चंद्रभागा बोटांवर वर्षं मोजत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली. मग तिने ललितचा हात लॅपटॉपवरून बाजूला केला.

"पुसू नको," ती म्हणाली.

"आजी, लोकं परत हसतीन," उज्ज्वला म्हणाली.

"हसू दे. त्यास्ले काय ठाऊक." तिने सुंदराकडे तोंड केलं. "पाच वरीस जगना मना पोर्‍या. त्या एक बांगडीवर जगना."

इतक्या वर्षांत हे सुंदराला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिचं तिलाही सुचलं नव्हतं.