चिंतूचा कडता

बिनगोडाचा चहा पिताना माणसाच्या कपाळाला तीन आठ्या पडतात. चौथी पडली तर चहा जास्त उकळलेला असतो.

साडेसतरा शेर.

उजव्या पायातला बूट डाव्या पायात. डाव्या पायातला कुठे पडला ते बैलांना ठाऊक.

कापूस ओला असला तर व्यापारी वजनातले काही शेर आधीच वजा करतो. याला कडता म्हणतात. कडता कापताना व्यापारी नेहमी दुसरीकडे बघतो.

नव्या पंच्यात बांधलेला गूळ. हात लावायचा नाही. वास घ्यायला हरकत नाही.

"माय, शू."

हे सगळं एका बंडीत बसून कळंबला निघालं होतं. साल एकसष्ट, माघातली चतुर्थी, उन्हं नुकतीच कासराभर वर आलेली. बंडी हाकत होते पुंडलिकराव, बारा एकर कापसाच्या पऱ्हाटीचे मालक. मागे त्यांची आई वच्छलाबाई, बायको कोकिळा, तीन वर्षांची शेवंता आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो पाच वर्षांचा चिंतामण, म्हणजे चिंतू. एका बुटात.

चिंतू जन्मला तेव्हा वांग्याएवढा होता. सुईण म्हणाली, राह्यला तर राह्यला. कोकिळेने बाजेवर पडल्या पडल्या कळंबच्या चिंतामणीला हात जोडले. पोरगा जगू दे, त्याच्या भारंभार, वजनाला वजन, गूळ वाहीन. इथवर ठीक होतं. असे नवस गावात दर दुसऱ्या घरात होते. पण देवाला एवढं कमी वाटेल की काय या भीतीने तिने आपल्या मनचं एक पुढे जोडलं: आणि गूळ वाहीपर्यंत मी तोंडात गोड घालणार नाही.

तिचा अंदाज एका वर्षाचा होता.

पहिल्या वर्षी चिंतूला गोवर निघाला. दुसऱ्या वर्षी शेवंता झाली. तिसऱ्या वर्षी वेचणीला बाया मिळाल्या नाहीत. चौथ्या वर्षी डावा बैल लंगडला. दर वर्षी पुंडलिकराव म्हणायचे, "पुढच्या माघात पक्कं," आणि दर वर्षी चिंतू तीन-चार शेरांनी वाढायचा. वांग्याचं कोहळं झालं.

तोवर कोकिळेने पाच होळ्यांचं पुरण शिजवलं आणि चाखलं एकदाही नाही. अलीकडे चाखायचं काम शेवंताकडे होतं. तिचं मत एकच असायचं, "आणखी." त्यामुळे पुंडलिकरावांच्या घरची पुरणपोळी गावात सगळ्यांत गोड होती.

पुरणाचं कोकिळेला फार वाटत नव्हतं. लाडवाचंही नाही. तिला फक्त चहा हवा होता. सकाळी चूल पेटल्यावर, पोरं उठायच्या आत, गुळाचा एक कप. पाच वर्षं ती नुसतं काळं-तपकिरी पाणी पीत होती आणि समोर बसून वच्छलाबाई बशीतून फुर्र करत होत्या. आज गूळ वाहिला की देवळाबाहेरच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचा, हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

गोष्ट इथे थांबते. चिंतू खाली उतरला आहे.

"किती डाव उतरतं रे हे पोट्टं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"होऊ दे, आई," पुंडलिकराव म्हणाले. "जितलं होते तितलं होऊ दे."

कोकिळेला नवल वाटलं. एरवी पुंडलिकराव बंडी थांबवायची म्हटलं की बैलांपेक्षा जास्त फुरफुरायचे. आज स्वतःच विचारत होते, "चिंत्या, आणखी लागली का रे?"

गोष्ट पुन्हा निघते. दीड कोस जाते.

कोकिळेने फडक्यातून दशमी काढली आणि चिंतूच्या हातात दिली. पुंडलिकरावांनी मान वळवली. "त्याले कायले देतं खायले?"

"भूक लागली त्याले."

"देवाच्या कामाले जाऊन राह्यलो. रिकाम्या पोटी जावं."

"तुमी तर चार भाकरी खाऊन निंगाले."

"मले कोण तोलून राह्यलं?"

ते खरं होतं. कोकिळेने मनातल्या मनात नवऱ्याची थोडी तारीफही केली. देवाधर्माचं त्याला काही नाही असं ती समजत होती. चिंतूला मात्र तारीफ नको होती, दशमी हवी होती, आणि ती त्याने आजीच्या पाठीआड जाऊन खाल्ली.

मध्ये तीन वेळा थांबणं झालं. ते गाळतो. एकदा शेवंताही उतरली, काही कारण नसताना, केवळ भावाची बरोबरी म्हणून.

कळंब.

देवळाबाहेरच्या कडुनिंबाला मोठा तराजू टांगला होता. तिथे वामनराव नावाचे गृहस्थ उभे होते. तोलायचं काम त्यांच्याकडे. सकाळपासून अकरा मुलं तोलून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी चिंतूला उचलून एका पारड्यात बसवलं. पुंडलिकरावांनी पंचा सोडला आणि भेल्या एक एक करून दुसऱ्या पारड्यात रचल्या. शेवटची भेली ठेवली. पंचा झटकला. सगळे मागे सरले.

चिंतू जमिनीवर. गूळ अधांतरी.

"आणखी गूळ घ्या," वामनराव म्हणाले.

पुंडलिकरावांनी पंचा पुन्हा झटकला.

"तुमी तं घरी तोललं होतं ना याले?" कोकिळेने हळूच विचारलं.

"तोललं होतं. व्यापाऱ्याकून मांगून आनलेल्या कापसाच्या तागडीवर. साडेसतरा शेर."

"मंग गूळ?"

"पंधरा."

"काहून?"

पुंडलिकराव कडुनिंबाकडे बघायला लागले. "कडता कापला."

"काय कापला?"

"कडता. पोट्टा ओला होता. तू आंघोळ घालून पाठोला होता त्याले. अंगावर पाणी, डोक्शात पाणी. आन् पोटात अर्धी भाकर. ते काय त्याचं वजन हाय?"

वीस वर्षं व्यापाऱ्यांनी त्यांच्या कापसातून कडता कापला होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तागडी पुंडलिकरावांच्या हातात आली, समोर ओला माल आला, आणि हात आपोआप चालला. त्यात लबाडी नव्हती. सवय होती. आता मात्र त्यांचं तोंड अगदी व्यापाऱ्यासारखं झालं होतं.

वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. "देवाचा कडता कापला रे तू."

बघ्यांना मात्र उत्साह आला. तराजू अडला की माणसांना आपोआप सल्ले सुचतात. कोणी म्हणालं, बूट काढा. एकच होता, काढला. कोणी म्हणालं, खिसे बघा. खिशात निघालं ते असं: चिंचोके मूठभर, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, खिळा, वाळलेलं बोंड, एक गोटा (नदीतला, पांढरा, चांगला पावशेर भरेल असा) आणि दशमीचा तुकडा. गूळ दोन बोटं खाली आला. मग सदरा काढला. मग चड्डी. माघाच्या गारठ्यात चिंतू पारड्यात नागवा बसला आणि गूळ अजून हातभर वरच.

"आता काय काढता?" चिंतूने विचारलं.

पुंडलिकराव मोठ्या आशेने म्हणाले, "शू?"

"नाही लागली."

सकाळपासून पहिल्यांदाच.

मग पुंडलिकराव बाजारात धावले आणि तसेच परत आले. अकरा मुलांनी कळंबचा गूळ संपवला होता. दुकानात गुळावरच्या माश्या होत्या, गूळ नव्हता.

"चाला घरी," वच्छलाबाई म्हणाल्या. "पुढच्या माघात येऊ. त्या डावानं मी सोता तोलतो."

पुढच्या माघात. कोकिळेने हिशेब नाही केला, तो तिच्यापुढे आपोआप उभा राहिला. साडेसतराचे एकवीस शेर. एक वर्षाच्या सकाळी. समोरच्या हॉटेलातून वाफेबरोबर चहाचा वास येत होता, त्यात आलं होतं, गूळही होता. तिने चिंतूच्या अंगावर आपला पदर टाकला आणि जागची हलली नाही.

"बाई, बाजूला व्हता का," मागून कोणी म्हणालं. "आमचा लंबर हाय."

मागे लालीबाई होती, पलीकडच्या तांड्यावरची, आरशांच्या कांचळी-चोळीतली. तिच्या कडेवर चार वर्षांची मानी आणि पाठीमागे नवरा खेमसिंग, खांद्यावर अख्खं पोतं घेऊन. खेमसिंगने पोरगी घरी तोललीच नव्हती. डोळ्याने बघितलं आणि पोतं भरलं. त्याच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. अंदाज चुकलाच तर जास्तीकडे चुकावा, ही त्यांच्या घरची रीत.

कोकिळेने पोत्याकडे बघितलं. मग मानीकडे. मानी काडीसारखी होती.

"इतला गूळ?" तिने लालीबाईला विचारलं.

"यायचं असंच हाय," लालीबाई नवऱ्याकडे हनुवटी उडवून म्हणाली. "पोरीले जोखा म्हटलं तं म्हणे, देवाले कमी नाही पडलं पायजे. आता उरन तो वापस नेता येत नाही. देवाच्या नावानं निंगाला ना तो. घे ना बाई, तुले कमी पडून राह्यला तं."

"नाही नाही," वच्छलाबाई मध्ये पडल्या. "पराया नवसाचा गूळ आमच्या पोट्ट्याले चालत नाही. नाव लागलं त्याले."

वामनरावांनी मान हलवली. तेही बरोबर होतं. मागच्या रांगेतही तेच ठरलं की ते बरोबर आहे.

कोकिळा वीस-पंचवीस माणसांपुढे कधी बोलली नव्हती. सासूसमोर तर तिचा आवाज चुलीच्या धुराएवढाच वर जायचा. ती वामनरावांना म्हणाली, "बापू, यायची पोरगी आन् माहा पोट्टा, दोघं एकाच पारड्यात बसवा. तिकून दोघायचाही गूळ ठेवा. कोनाचा कोनता ते निवडाचंच नाही. देवाले बेरीज येत असन ना?"

वामनरावांनी गळ्यातला मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "बेरीज तं येत असन," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी लेकाकडे बघितलं. "येतेच. वजाबाकी माह्याच लेकाले येते."

लालीबाई हसली, तशी रांग हसली. पुंडलिकराव सगळ्यांत उशिरा हसले.

चिंतूला कपडे घातले. (खिसे रिकामेच ठेवले.) मानीला शेजारी बसवलं. चिंतू म्हणाला, हिच्याजवळ बसत नाही. मानीने त्याच्या दंडाला चावा घेतला. चिंतूने तिची वेणी ओढली. शेवंता खालून ओरडली की मलेबी बसवा, आणि कोणी बसवत नाही बघून ती दोन्ही हातांनी पारड्याच्या साखळीला लोंबकळली. तराजू कावडीसारखा झुलायला लागला. खेमसिंग गुळाच्या भेल्या ठेवत होता आणि पारडं त्याच्या हाताखालून निघून जात होतं. पुंडलिकरावांनी शेवंताला सोडवलं. मग खेमसिंगने पोतं सरळ उलटं केलं.

पोरं वर गेली.

हळूहळू, डुलत, माणसांच्या छातीपर्यंत. चिंतूच्या हातात मानीची वेणी तशीच राहिली, ओढायची राहून गेली. खाली दोन घरांचा गूळ जमिनीला टेकला होता आणि वर दोन पोरं कडुनिंबाच्या पाल्याकडे तोंड करून बसली होती.

"पुरा," वामनराव म्हणाले.

खाली, जमिनीखालच्या गाभाऱ्यात, कोणी घंटा वाजवली. कोकिळेने हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वच्छलाबाईंनी तिला कोपराने ढोसलं आणि प्रसादाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो खाल्ला. पण तो देवाचा होता. तो धरायचा नाही.

मग पायऱ्या उतरून दर्शन झालं, पायऱ्या चढून वर येणं झालं, एका बुटाचा शोध आणि त्या शोधाचा त्याग झाला. पुंडलिकराव म्हणाले, आता निघू, बैल उन्हात आहेत. कोकिळा म्हणाली, तुमी व्हा पुढं.

आणि ती हॉटेलाच्या बाकड्यावर जाऊन बसली. पुरुषांच्या बाकड्यावर, एकटी. वच्छलाबाई बघत राहिल्या. पुंडलिकराव तोंड उघडून तिच्याकडे जायला निघाले, तर वच्छलाबाईंनीच लेकाचा सदरा मागून धरला. "राहू दे. तुहं तोलून झालं ना."

कप आला. वर साय होती. कोकिळेने बशीत ओतला, फुंकर घातली नाही, तोंड भाजलं. दुसरा घोट सावकाश घेतला. डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर चिंतू उभा होता, गालावर गूळ, हनुवटीवर गूळ, आणि त्याने हात पुढे केला होता.

"मले."

पाच वर्षं घरातलं सगळं गोड या हाताने घेतलं होतं.

"नाही," कोकिळा म्हणाली.

चिंतूला हा शब्द आईच्या तोंडून नवा होता. त्याने हात सदऱ्याला पुसला. मग आजीकडे गेला आणि म्हणाला की मायनं मले नाही म्हटलं. आजी म्हणाली, बरं केलं.

कोकिळेने तीन कप घेतले. तिसरा तिने बशीत न ओतता घेतला. तोवर लालीबाई येऊन शेजारी बसली होती आणि दोघी बंडीकडे बघत होत्या. तिथे पुंडलिकराव खेमसिंगला समजावून सांगत होते की ओल्या मालात कडता कापावाच लागतो, आणि खेमसिंग मान डोलावत त्यांच्या खिशातली सुपारी खात होता.

नवस बोलली तेव्हा कोकिळा एकोणीस वर्षांची होती.