सरळ बसलेला घाव

ऑर्विल हॅस्केटनं तीन दिवस धड जेवण केलं नव्हतं. पर्ल हार्बरच्या कारखान्यात मी लेथवर, तो पाणबुडीवर टॉर्पेडो सज्ज करणारा. बोट बंदरात लागली की स्वारी माझ्याकडे. गेल्या फेरीत त्याच्या हातचे सहा टॉर्पेडो एका उभ्या जपानी जहाजाच्या कुशीत आदळले. टण्ण आवाज अख्ख्या बोटीनं ऐकला. फुटला एकही नाही.

वरच्यांनी सांगून टाकलं, माल चोख आहे, हात कच्चा. आजच्या चाचणीत माल चोख ठरला, की ऑर्विल बोटीवरून खाली.

"हा तळलेला गोड मालासाडा खा रे," मी म्हटलं. "उपाशीपोटी अपमान जास्त झोंबतो."

"ओर्तेन्सिया मावशी, एकच चूक सहादा करेन मी?"

"माझा नवरा करतो. तू नाही करायचास."

दारूऐवजी राख भरलेला टॉर्पेडो वरच्यांच्याच माणसांनी जोडला; ऑर्विलला जवळही येऊ दिलं नाही. क्रेननं तो नव्वद फूट उचलला. खाली पोलादाचा जाड पत्रा. नाकातला खटका उडाला, तर खरा टॉर्पेडो फुटला असता असं धरायचं.

सोडला. नाकावर सरळ आदळला. पायाखालची जमीन हादरली, खटका गप्प. दुसरा सोडला. तोही गप्प.

त्या माणसांनी नाक उघडून आतली पिन माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीएवढी पिन, दणक्यानं वाकून जागीच अडकलेली.

"पत्रा तिरपा लावून बघा," ऑर्विल पुटपुटला.

लावला. तिसरा निसटता आदळला, आणि खटका खाडकन उडाला.

सरळ दणक्यानं पिन वाकते, तिरक्यानं नाही. दीड टनाचं ते धूड समुद्र कापत जाणार, आणि नेम जितका अचूक, तितकं मुकं होणार! नेम चुकणाऱ्याला यश आणि नेमबाजाला शिव्या, हे दोन वर्षं चाललं होतं.

ऑर्विलच्या बोटीचा कप्तान पुढं आला. "हॅस्केट, सामान बोटीवरच असू दे. परवा निघायचंय. नव्या पिना होईपर्यंत तिरकंच मारू."

ऑर्विलचा चेहरा काही खुलला नाही. "साहेब, ते सहाही अगदी काटकोनात बसले होते."

"ठाऊक आहे," कप्तान हळूच म्हणाला. "नेम माझा होता."

मग दोघंही माझ्या तळहातावरच्या त्या पिनेकडे बघत उभे राहिले. मला मूठ मिटवेना.